मडक्यातलं मडकं आणि वाया जाणारी पालेभाजी: विज्ञान प्रकल्पाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकल्प थोडक्यात काय आहे?

दोन मातीच्या कुंड्या, एकीत एक. मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं गोणपाट. बाहेरच्या कुंडीच्या अंगावरून पाणी उडत राहतं, त्यामुळे आतली हवा थंड आणि दमट राहते, आणि आत ठेवलेली मेथी, पालक, कोथिंबीर टोपलीतल्या भाजीपेक्षा उशिरा कोमेजते. हा प्रयोग विज्ञान प्रदर्शनांत नेहमी दिसतो, पण बहुतेक तक्त्यांवर फक्त एकच गोष्ट असते: "आतलं तापमान इतके अंश कमी झालं." विषय अन्नाची नासाडी हा असेल तर हे उत्तर अपुरं आहे. मडकं किती थंड झालं यापेक्षा किती ग्रॅम भाजी कचऱ्यात जायची वाचली, हे मोजायचं आहे. खालची सगळी उत्तरं हे धरूनच दिली आहेत.

पालेभाजीच का? टोमॅटो, वांगी का नकोत?

पालेभाजी लवकर खराब होते, म्हणून निकाल तीन-चार दिवसांत हातात येतो. पानांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने फार मोठा असल्यामुळे त्यांच्यातलं पाणी झपाट्याने उडतं. साधारण पाच टक्के वजन घटलं की पानं मऊ पडलेली डोळ्यांना दिसायला लागतात. टोमॅटोला असा फरक दाखवायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि तोवर परीक्षा येते.

भाज्यांची सरमिसळ मात्र करू नका. पिकलेलं केळं, टोमॅटो, आंबा, सफरचंद यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने शेजारची पानं लवकर पिवळी होतात. कांदा, लसूण आणि बटाटा या मडक्यात ठेवूच नयेत. त्यांना कोरडी, वारा खेळती जागा हवी. दमट हवेत कांद्याला कोंब फुटतात आणि बुरशीही धरते.

भारतात अन्न किती वाया जातं? प्रस्तावनेत कोणता आकडा लिहावा?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात घरं, खानावळी आणि दुकानं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतातल्या घरांसाठी याच अहवालातला अंदाज दरडोई वर्षाला ५५ किलो आहे. २०३० पर्यंत दुकानं आणि घरं या टप्प्यांवरची दरडोई नासाडी निम्म्यावर आणणं हे शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी १२.३ क्रमांकाचं लक्ष्य आहे.

एवढं पुरे. प्रस्तावनेत तीन पानं आकडे आणि निरीक्षणांना अर्धं पान, असा अहवाल परीक्षक दोन मिनिटांत बाजूला ठेवतात. त्यापेक्षा स्वतःच्या घरचा आकडा मोजा.

घरचा आकडा कसा मोजायचा?

ओट्याखाली तीन डबे ठेवा. पहिल्यात अटळ कचरा: साली, देठ, कोयी, शेंगांच्या शिरा, चहाचा चोथा. दुसऱ्यात सडलेली, पिवळी पडलेली, म्हणजे आणून ठेवलेली पण न वापरलेली भाजी आणि फळं. तिसऱ्यात शिजवलेलं आणि मग टाकलेलं: पानातलं, भांड्यातलं, शिळं झालेलं. रात्री ओटा आवरल्यावर प्रत्येक डब्याचं वजन करा आणि रिकाम्या डब्याचं वजन वजा करा.

किमान दहा दिवस मोजा आणि पहिले तीन दिवस हिशेबातून वगळा. मोजणी सुरू झाली की घरातले सगळेच जपून वाढतात, त्यामुळे सुरुवातीचे आकडे कृत्रिमरीत्या कमी येतात. या काळात सणवार किंवा पाहुणे आले तर ते दिवस गाळू नका, फक्त तशी नोंद करा. दुसऱ्या डब्यात पालेभाजी ठळकपणे दिसली, तर मडक्याचा प्रयोग तुमच्या घरासाठी योग्य आहे. तिसरा डबाच भरत असेल, तर खरा उपाय स्वयंपाकाच्या अंदाजात आहे आणि मडकं त्याला काही करू शकणार नाही.

कुंड्या कोणत्या मापाच्या घ्यायच्या?

बाहेरची १४ इंची, आतली ९ किंवा १० इंची. दोन्हींच्या मध्ये सगळीकडे तीन ते पाच सेंटीमीटर फट राहायला हवी. दुकानातच एकीत दुसरी ठेवून बघा, कारण कुंभाराच्या मापात काठाची जाडी कधी धरलेली असते, कधी नसते. आतल्या कुंडीत २५० ते ३०० ग्रॅमची एक जुडी दाबून न बसवता मावते.

बाहेरची कुंडी भाजलेल्या मातीची, पण वरून काहीही न लावलेली हवी. ऑइलपेंट लावलेली, चकाकी दिलेली किंवा सिमेंटची कुंडी चालत नाही, कारण छिद्रं बुजलेली असली की पाणी बाहेर झिरपत नाही. परीक्षा सोपी आहे: बाहेरून एक चमचा पाणी ओता. ते दोन-चार सेकंदांत शोषलं गेलं आणि तिथे गडद डाग उमटला तर कुंडी घ्या. पाणी थेंबाथेंबाने ओघळलं तर सोडून द्या. प्रदर्शनात छान दिसावी म्हणून कुंडीवर वारली चित्रं रंगवायची हौस असेल, तर ती मागच्या तक्त्यावर भागवा.

तळाची भोकं बंद करावी लागतात. आतल्या कुंडीचं भोक उघडं राहिलं तर ओल्या वाळूतलं पाणी भाजीखाली साचतं. एम-सील मळून दोन्ही बाजूंनी दाबा, रात्रभर सुकू द्या आणि कुंडीत पाणी भरून गळती तपासा.

वाळू कोणती आणि किती?

या मापाला साधारण नऊ-दहा लिटर वाळू लागते, म्हणजे १२ ते १५ किलो. जाडसर नदीची वाळू चाळून, दोनदा धुऊन घ्या. बांधकामावरची दगडी कच चालते, पण तिच्यातली भुकटी धुऊन काढली नाही तर तिचा चिखल होतो आणि पाणी खाली उतरतच नाही. किनाऱ्यावरची वाळू नको. तिच्यातलं मीठ पाण्याबरोबर कुंडीच्या अंगात येऊन छिद्रं बुजवतं.

भरल्यावर सगळा जामानिमा २५ किलोच्या आसपास जातो, म्हणून जिथे प्रयोग करायचा तिथेच भरा.

बांधणीचा क्रम सांगा.

आधी दोन्ही कुंड्या तासभर पाण्यात बुडवून ठेवा. मग मोठी कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे तळालाही वारा लागेल. तळाशी वाळूचा असा थर घाला की छोटी कुंडी ठेवल्यावर दोन्हींचे काठ जवळजवळ एका पातळीत येतील. छोटी कुंडी मधोमध बसवा आणि फटीत वाळू थोडी थोडी घालत लाकडी पट्टीने ठोका. वाळू काठापासून दोन बोटं खाली ठेवा, नाहीतर पाणी घालताना ती आत भाजीवर पडते.

आता सावकाश पाणी घाला. कोरडी वाळू सुरुवातीला तीन लिटरच्या आसपास पाणी पिते. फटीत पाणी तरंगेपर्यंत ओतू नका. वाळू ओली हवी, बुडालेली नको. पाणी घातल्यावर वाळू खाली बसते, तेवढी पुन्हा भरा. गोणपाट दुहेरी घडी करून भिजवा, पिळा आणि वर झाका. स्टीलचं ताट झाकण म्हणून ठेवलं तर त्याच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं आणि भाजीवर टपकतं.

भाजी घालण्याआधी मडकं एक पूर्ण दिवस रिकामं चालू ठेवा. वाळूचा एवढा ढीग थंड व्हायला वेळ लागतो. पहिल्या तासाची नोंद करून "फरक पडत नाही" असं ठरवणारे बरेच असतात.

पाणी दिवसातून किती वेळा घालायचं?

सकाळी आणि संध्याकाळी, मोजून. कोरड्या उन्हाळी दिवसात एक ते दोन लिटर लागू शकतं, थंडीत बरंच कमी. प्रत्येक वेळी घातलेलं पाणी लिहून ठेवा, कारण उडालेलं पाणी हेच या यंत्राचं इंधन आहे. पाणी कमी लागायला लागलं, तर एकतर हवा दमट झाली आहे किंवा कुंडीची छिद्रं बुजत आहेत. हा आकडा नसेल तर दोन्हींतलं नेमकं काय घडलं ते कळत नाही.

खाली परात ठेवली असेल तर तिच्यातलं पाणी रोज ओतून टाका. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

तुलना कशाशी करायची?

इथे बहुतेक प्रकल्प कच्चे राहतात. मडक्यातली भाजी आणि टोपलीतली भाजी, एवढी तुलना पुरेशी नाही. मडक्यातली भाजी टिकली, पण कशामुळे? बाष्पीभवनाने थंड झाली म्हणून, की नुसती झाकलेली, अंधारात आणि वाऱ्याआड होती म्हणून? हे वेगळं करायचं तर चार गट लागतात:

* उघडी टोपली
* ओल्या सुती फडक्यात गुंडाळून टोपलीत
* कुंडीत कुंडी, पण वाळू कोरडी आणि गोणपाटही कोरडं
* कुंडीत कुंडी, वाळू आणि गोणपाट ओलं

तिसरा गट सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सहसा गाळला जातो. तिसऱ्या आणि चौथ्या गटातला फरक म्हणजे ओलाव्याचं काम. दुसरा गट प्रामाणिकपणासाठी आहे, कारण ओलं फडकं हा उपाय घरोघरी आधीपासून चालतो आणि त्याला कुंड्या लागत नाहीत. तुमच्या नोंदींत ओलं फडकं मडक्याच्या बरोबरीचं ठरलं तर तसंच लिहा. तो निकाल लपवण्यासारखा नाही, उलट लोकांच्या जास्त उपयोगाचा आहे.

फ्रिज पाचवा गट म्हणून ठेवायला हरकत नाही, पण त्याच्याशी स्पर्धा लावू नका. पाच-सहा अंशांपुढे कोणतंही मडकं टिकणार नाही.

एका कुंडीत तीन जुड्या ठेवल्या तर तीन वेळा प्रयोग झाला असं म्हणता येईल का?

नाही. तिन्ही जुड्यांना एकच कुंडी, एकच हवा मिळाली. कुंडीला बारीक तडा असेल तर तिन्ही जुड्यांचा निकाल एकाच दिशेने बिघडेल. खरी पुनरावृत्ती म्हणजे वेगळ्या कुंड्या किंवा वेगळे आठवडे. शाळेसाठी सोपं म्हणजे चारही गट एकाच वेळी मांडा आणि सगळा प्रयोग वेगवेगळ्या आठवड्यांत तीनदा करा, प्रत्येक वेळी ताज्या भाजीसह. शेवटी तिन्हींची सरासरी द्या आणि सोबत सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त आकडाही द्या.

भाजी आणताना काय पाहायचं?

एकाच विक्रेत्याकडून, एकाच सकाळी, मुळांसकट असलेल्या सारख्या जुड्या घ्या. चार गटांच्या चार आणि तुलनेच्या आधारासाठी पाचवी. कोणती जुडी कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. स्वतः वाटली तर टवटवीत जुडी नकळत मडक्यात जाते.

भाजीवाले जुड्यांवर सारखं पाणी शिंपडत असतात, हे लक्षात ठेवा. तशीच जुडी काट्यावर ठेवली तर पानांवरचं पाणीही वजनात येतं आणि पहिल्या काही तासांत ते उडून "वजनातली घट" म्हणून नोंदलं जातं. म्हणून जुड्या झटका, कोरड्या फडक्यावर सावलीत अर्धा तास पसरा आणि मग पहिलं वजन घ्या. भाजी धुवायची नाही. बांधलेली सुतळी किंवा रबर सगळ्याच जुड्यांचं काढा. घट्ट बांधलेल्या जुडीत मधली पानं वाफ धरून आधी सडतात.

कोणती साधनं लागतात?

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दोन-तीन प्रयोगशाळेतले तापमापक आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. स्वस्त आर्द्रतामापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो, म्हणून आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि चिखलासारखं ओलं होईल एवढंच पाणी घाला. ते झाकण आणि मापक हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवा. डब्यातली सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकेल त्या वाफेपैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे ते) ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ६९ दाखवत असेल तर प्रत्येक नोंदीत सहा मिळवा. तापमापकही बर्फाच्या पाण्यात एकत्र बुडवून बघा. सगळ्यांनी शून्याजवळ एकसारखं दाखवायला हवं.

आर्द्रतामापक मिळाला नाही तर दुसरा मार्ग आहे. तापमापकाच्या फुग्याला मलमलची ओली पट्टी गुंडाळा, तिचं टोक पाण्यात ठेवा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. पारा किंवा रंगीत द्रव जिथे थांबेल ते ओल्या फुग्याचं तापमान. मडकं त्याच्या खाली जाऊ शकत नाही.

मडकं किती थंड होईल?

ते हवेवर आहे. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी ओल्या फुग्याचं तापमान २३ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे तत्त्वतः १७ अंशांची जागा आहे. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला ते २८ असतं, म्हणजे जेमतेम चार अंश. डिसेंबरातल्या कोरड्या दुपारी २८ अंश आणि ४० टक्क्यांना ते १९ च्या जवळ येतं. या जागेचा काही भागच मडक्याच्या हाती लागतो, कारण बाहेरून उष्णता सतत आत येत असते.

दिवसातून निदान तीनदा नोंद घ्या: सकाळी सात, दुपारी तीन, रात्री नऊ. पहाटे बाहेरची हवा मडक्याच्या आतल्यापेक्षा गार निघू शकते, कारण वाळू उष्णता सावकाश सोडते. ही नोंद "चुकीची" म्हणून खोडू नका. मडक्याचा गुण नुसत्या गारव्यात नाही, दिवसभराचे चढउतार कमी होण्यातही आहे. आतली आर्द्रता बहुतेक वेळ ८५-९० टक्क्यांच्या पुढे राहते आणि पानांना तिचाच जास्त फायदा होतो.

मुंबई, कोकण, गोव्यात हा प्रयोग चालेल का?

पावसाळ्यात कुठेच नाही आणि किनाऱ्यावर बहुतेक वेळ नाही. बाहेरची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आणि दुपारचं तापमान २५ च्या वर असेल तेव्हा अशी मडकी चांगली चालतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात मार्च ते मे हा उत्तम काळ. घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस ओसरल्यावरच्या कोरड्या दिवसांतही निकाल बरे येतात.

किनाऱ्यावरच्या शाळांनी याच प्रश्नाचा दुसरा प्रयोग घ्यावा: फ्रिजमध्ये पालेभाजी उघडी, वर्तमानपत्रात, कोरड्या सुती पिशवीत आणि बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून वजन आणि नासाडी मोजणं. मोजण्याची रीत अगदी हीच. किंवा मडक्याचाच प्रयोग करा, पण प्रश्न बदला: "आर्द्रता वाढली की मडक्याचा उपयोग कसा घटतो?" रत्नागिरीतल्या आणि जालन्यातल्या दोन शाळांनी एकाच आठवड्यात नोंदी घेतल्या तर एकट्या शाळेपेक्षा कितीतरी चांगला प्रकल्प होईल.

नासाडी ग्रॅममध्ये कशी काढायची? नुसतं वजन कमी झालं म्हणजे नासाडी का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. मेथीचं वजन घटतं ते मुख्यतः पाणी उडाल्यामुळे. कोमेजलेली पण हिरवी पानं आपण टाकत नाही, शिजवतो. म्हणून दोन आकडे वेगळे ठेवा.

पहिला, वजनातली घट: सुरुवातीचं वजन वजा आजचं वजन, भागिले सुरुवातीचं वजन, गुणिले शंभर.

दुसरा, खरी नासाडी. पाचवी जुडी पहिल्याच दिवशी निवडा. समजा २५० ग्रॅमच्या जुडीतून १४० ग्रॅम पानं निघाली आणि ११० ग्रॅम मुळं-काड्या. त्या मुळं-काड्या अटळ कचरा, त्यांचा दोष साठवणीला द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी बाकीच्या जुड्या निवडा आणि पानांचे दोन ढीग करा, खाण्याजोगी आणि टाकण्याजोगी. उदाहरणादाखल टोपलीतल्या जुडीची ६० ग्रॅम चांगली आणि ३० ग्रॅम खराब पानं निघाली, तर खराब पानांचा वाटा ९० पैकी ३०, म्हणजे ३३ टक्के. ताज्या १४० ग्रॅमच्या हिशेबाने ते सुमारे ४७ ग्रॅम होतात. मडक्यातली १२० चांगली आणि १० खराब असतील, तर वाटा ७.७ टक्के, म्हणजे ताज्या हिशेबाने ११ ग्रॅम. एका जुडीमागे ३६ ग्रॅम पानं वाचली.

थेट ३० वजा १० केलं असतं तर उत्तर २० आलं असतं, कारण टोपलीतली खराब पानं वाळून हलकी झालेली असतात. वरच्या रीतीत चांगली आणि खराब पानं सारखीच वाळली असं धरलं आहे. हे गृहीत अहवालात स्पष्ट लिहा.

निवडणाऱ्याला जुडी कोणत्या गटातली हे कळू देऊ नका. परातींना फक्त अ, ब, क, ड अशी अक्षरं द्या आणि घरात रोज भाजी निवडणाऱ्या व्यक्तीला बसवा. "हे टाकायचं की ठेवायचं" हा निर्णय तिच्या हाताला सवयीने येतो. सगळ्या फेऱ्यांना एकच व्यक्ती असावी.

आत बुरशी आली किंवा पानं चिकट झाली. काय चुकलं?

बहुधा पानांवर पाणी होतं. भाजी धुऊन ठेवली, गोणपाट न पिळता टाकलं किंवा आतल्या कुंडीचा तळ ओला राहिला. तळाशी वाळलेल्या काड्यांचा किंवा बांबूच्या कामट्यांचा थर घाला, आतली बाजू रोज कोरड्या फडक्याने पुसा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये कुंडी उन्हात वाळवा. पहिल्या फेरीतलं सडलेलं पान आत चिकटून राहिलं तर दुसरी फेरी पहिल्या दिवसापासूनच बिघडते.

सुरुवातीला थंड होत होतं, आता होत नाही.

कुंडीच्या अंगावर पांढरी पुटं आली आहेत का बघा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार बाहेर येऊन तिथेच सुकतात. नारळाच्या काथ्याने घासा, न गेल्यास लिंबाचा रस लावून धुवा. पुढे शक्य असेल तर नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. पुटं नसतील तर जागा तपासा. बंद खोलीत मडकं स्वतःच उडवलेल्या वाफेने खोलीची आर्द्रता वाढवतं. खिडकीजवळ, सावलीत, वारा आरपार जाईल अशी जागा हवी.

पंख्याखाली ठेवलं तर बाष्पीभवन वाढेल, पण उघड्या टोपलीतली भाजीही झपाट्याने वाळेल आणि मडकं आहे त्यापेक्षा भारी दिसेल. पंखा नकोच.

यात दूध, उरलेला भात, मासे ठेवता येतील का?

मुळीच नाही. शिजवलेल्या आणि नाशवंत अन्नासाठी ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा मानतात, कारण त्यात जिवाणू वेगाने वाढतात. मडक्यातले २२-२५ अंश बरोबर त्या पट्ट्यात येतात. उरलेल्या भातातल्या काही जिवाणूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. चिरलेली फळं, मोड आलेली कडधान्यं, पनीर, हे सगळं याच यादीत. नासाडी वाचवण्याच्या नादात पोट बिघडवायचं नाही. प्रयोगातली चिकट किंवा वास येणारी पानं चाखून बघायचीही नाहीत.

ही कल्पना मुळात कोणाची?

पाणी उडताना गारवा येतो हे माठ वापरणाऱ्या प्रत्येकाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कुंडीत कुंडी आणि मध्ये ओली वाळू या रचनेचा प्रसार नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात केला. त्यासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. तीन दिवस टिकणारी वांगी २७ दिवस टिकली, हा त्यांच्या कामातला आकडा बरेच विद्यार्थी आपल्या निष्कर्षात चिकटवतात. तो उत्तर नायजेरियाच्या कोरड्या हवेतला, वांग्यांचा आकडा आहे. तुमच्या मेथीला तो लागू नाही.

आपल्याकडे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात याच तत्त्वावर विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. लांबी १६५ सेंटीमीटर, रुंदी ११५, उंची ६७.५, दुहेरी भिंतीत ७.५ सेंटीमीटर फट आणि तीत ओली वाळू. सुमारे १०० किलो माल मावतो. गुजरातमध्ये वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी बनवलेला 'मिट्टीकूल' हा मातीचा फ्रिजही याच कुळातला.

परीक्षक काय विचारतात?

"वीज न लावता थंड कसं?" हा प्रश्न हमखास येतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या युनिटात सुमारे ०.६७. ही उष्णता कुंडी, वाळू आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते. दहावीच्या 'उष्णता' या पाठातला अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात खर्च होणारी उष्णता) आणि सापेक्ष आर्द्रता यावर बोट ठेवा. "मग सगळी उष्णता भाजीतूनच जाते का?" हा पुढचा प्रश्न फिरकीचा असतो. उत्तर नाही असं आहे. मोठा भाग बाहेरच्या हवेकडूनच येतो.

दुसरा हमखास प्रश्न: "फ्रिज असताना हे कशाला?" इथे भाषण देऊ नका. हातगाडीवर बसणारी भाजीवाली, आठवडी बाजारात उरलेल्या जुड्या घरी नेणारा शेतकरी, भारनियमनातलं गाव, यांतला एक उपयोग निवडा आणि त्याच्या मापाचा हिशेब मांडा. "महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने केलं तर इतके टन वाचतील" असा गुणाकार करू नका. तीन फेऱ्यांच्या नोंदींवर तेवढा डोलारा उभा राहत नाही आणि चांगला परीक्षक तिथेच पकडतो.

कोणत्या स्पर्धेला पाठवता येईल?

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १० ते १७ वयोगटासाठी आहे आणि तिथे मराठीतून अहवाल चालतो. सहावी आणि नववीच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत कृती-संशोधन प्रकल्पाचा टप्पा असतो. इन्स्पायर अवॉर्ड मानकमध्ये मात्र नवी कल्पना बघतात. तिथे जसंच्या तसं मडकं पाठवलं तर मागे पडेल. पाणी आपोआप झिरपत राहील अशी वातीची सोय किंवा हातगाडीत बसणारा चौकोनी आकार, असा स्वतःचा बदल हवा. मुख्य विषय आणि मुदत दरवर्षी बदलते, त्या वर्षीचं पत्रक बघूनच मांडणी करा.

प्रयोगातल्या खराब भाजीचं काय करायचं?

वजन लिहून झाल्यावरच खताच्या डब्यात टाका, आधी नाही. पालेभाजी ओली असते, म्हणून तिच्याबरोबर दुप्पट-तिप्पट आकारमानाचा वाळका पाला किंवा नारळाचा भुसा घाला, नाहीतर डबा आंबतो आणि घरातून प्रकल्पाला विरोध सुरू होतो. निवडलेली चांगली पानं त्याच दिवशी शिजवा आणि तीही नोंदीत लिहा. पुढच्या फेरीआधी वाळू उपसून एकदा उन्हात टाका.